कौल आणि कौले

मराठीत कौल हा शब्द दोन निराळ्या वस्तूंचे नाव आहे. छपरावर बसवितात आणि मृग लागण्यापूर्वी चाळून घेतात ते कौल मातीचे, भट्टीत भाजलेले; आणि दुष्काळाने किंवा दंग्याने परागंदा झालेल्या रयतेला गावी परत बोलाविताना सरकार जो लिहून देई तो कौल अरबी-फारसीतून आलेला, वचन या अर्थाचा, ज्याच्यावर शिक्का उमटला की तेवढ्या मुदतीपुरता सरकारचा शब्द बांधला गेला असे कुणबी समजत असे. घराच्या छपरावर सोलर पॅनेल बसविणाऱ्याला सरकारने अनुदान द्यावे की न द्यावे, दिल्यास किती आणि कोठवर, हा वाद मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा हे दोन्ही कौल माझ्या मनात एकत्र येतात. कारण या वादाचा मागोवा घेत मागे गेले असता असे आढळते की देशोदेशी भांडण रकमेवरून सुरू झाले खरे, परंतु ते येऊन थांबले शब्दावर, म्हणजे तो कोणी दिला, कोणाच्या पैशावर दिला, आणि मुदत संपेपर्यंत पाळला की नाही यावर.

पहिल्या खर्चाचा भार राज्याने उचलावा, ही कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही. नवी रयत वसावयास आली तर तिला बैल घेण्यास आणि बियाण्यास पैका द्यावा व तो दोन-चार वर्षांत तिच्या ऐपतीप्रमाणे उगवून घ्यावा, अशी शिवकालीन रीत सभासदाने नोंदवून ठेवली आहे. पुढे पेशवाईच्या दप्तरांत तगाई आणि इस्तावा हे शब्द पदोपदी भेटतात. तगाई म्हणजे उसनवार; इस्तावा मात्र त्याहून सूक्ष्म विचाराचा. पडीत जमीन मोडून लागवडीस आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यावयाचा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, तिसऱ्या वर्षी त्याहून अधिक, आणि असे चढत चढत ठरलेल्या वर्षी पूर्ण दरास पोहोचावयाचे, आणि हा सगळा चढ पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावयाचा, अशी ती व्यवस्था होती. सवलत किती वर्षे टिकेल आणि कोणत्या पायरीने आटत जाईल हे नांगर धरण्यापूर्वीच ज्याला कळले आहे, तो मनुष्य कर्ज काढण्याचे धाडस करतो. हे मर्म त्या काळच्या कारकुनांना पुरते उमगलेले होते. इंग्रजी अमलात १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर जो दुष्काळ आयोग नेमला गेला त्याच्या पाठोपाठ १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा आणि १८८४ चा शेतकरी कर्जाचा असे दोन कायदे झाले, आणि तगाई हा शब्द मामलेदार कचेरीच्या व्यवहारात पक्का झाला. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने तर आणखी एक तत्त्व मान्य केले होते: शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली आणि त्यामुळे पीक वाढले, तर फेरआकारणीच्या वेळी त्या वाढीवर सारा वाढवू नये. आज छपरावर स्वखर्चाने वीज करणाऱ्यावर आकार बसवावा की नाही, हा जो तंटा वीज नियामक आयोगांपुढे चालतो, त्याचा हा पणजोबा म्हणावयास हरकत नाही.

त्याच दुष्काळाच्या सुमारास मुंबईत एक मनुष्य उन्हाच्या मागे लागला होता. मुंबईच्या उच्च न्यायालयात उपनिबंधकाच्या हुद्द्यावर काम करणाऱ्या विल्यम ॲडम्स यांनी १८७८ मध्ये उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल असे प्रतिपादन करणारे एक पुस्तक मुंबईतूनच प्रसिद्ध केले. आरशांनी मढविलेल्या अष्टकोनी पेटीत त्यांनी सात शिपायांचा मांस-भाजीचा शिधा दोन तासांत शिजवून दाखविला, आणि तोही जानेवारीच्या महिन्यात, जेव्हा मुंबईचे ऊन वर्षात सर्वांत कोवळे असते. त्यापुढे जाऊन त्यांनी सतरा इंच लांब व दहा इंच रुंद असे सपाट आरसे एका चौकटीवर एकेक करून वाढवीत नेले, प्रत्येक वाढीबरोबर उष्णता मोजली, आणि बहात्तर आरसे झाले म्हणजे वाफेचे यंत्र चालण्याजोगा ताप मिळतो असा हिशेब काढला. मध्य कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात अडीच अश्वशक्तीचे एक यंत्र त्यांनी या आरशांच्या उन्हावर दोन आठवडे, दिवसा उजेडी, चालविले. सूर्य सरकेल तशी आरशांची चौकट माणसाने हाताने ढकलीत न्यावयाची, एवढीच त्यात मजुरी. न्यायालयाचे कागद हातावेगळे करून घरी परतणारा एक अंमलदार, समुद्रावरून येणारा खारा वारा आणि त्या बहात्तर आरशांतून एका बाष्पपात्रावर एकवटलेले ऊन, हे दृश्य आपल्या शहराच्या इतिहासात कोठे फारसे सांगितले जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. ते यंत्र त्या आवारापलीकडे पसरले नाही.

ॲडम्स यांना ज्याच्या प्रयोगांवरून स्फूर्ती मिळाली तो फ्रान्समधील तूर गावचा गणिताचा शिक्षक ऑग्युस्तँ मूशो मात्र राजाश्रय पावला होता. तिसऱ्या नेपोलियनने त्याचे यंत्र पाहिले, पुढे सरकारने त्याला अल्जीरियात प्रयोगांसाठी पाठविले, आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने उन्हाच्या बळावर बर्फ तयार करून सुवर्णपदक मिळविले. परंतु इंग्लंडशी झालेल्या व्यापारी तहाने आणि आगगाड्यांच्या विस्ताराने फ्रान्समध्ये कोळसा स्वस्त झाला होता. सरकारी तज्ज्ञांनी यंत्राची परीक्षा करून ते चालते, परंतु परवडत नाही, असा अभिप्राय दिला, आणि आश्रय आटला. सूर्याला मिळालेले हे बहुधा पहिले सरकारी साहाय्य आणि त्याच्याविरुद्ध उठलेला हा पहिला आक्षेप. आणि पुढील शतकभर आक्षेपाची भाषा हीच राहिली. आजच्या कोळशाशी आजच्या उन्हाची तुलना करावयाची, हा त्या भाषेचा दोष होता. कोळशाला खाणी, बंदरे आणि लोहमार्ग यांचे जे पाठबळ मिळालेले असे ते त्या हिशेबात धरले जात नसे.

मधला काळ थोडक्यात सांगून टाकतो. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट जगापुढे ठेवला. पडलेल्या उन्हाचा सहा टक्के अंश तो विजेत बदलीत असे आणि त्याची किंमत अशी होती की उपग्रहावाचून दुसरे गिऱ्हाईक त्याला परवडत नव्हते. १९७३ च्या तेलसंकटाने राज्यकर्त्यांचे डोळे उघडले. जपानने १९७४ मध्ये आपला ‘सनशाइन’ प्रकल्प आरंभिला. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने घरांवरील सौर साधनांना करात सूट दिली आणि २० जून १९७९ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापविणारी ३२ पॅनेले समारंभपूर्वक दाखविली. १९८५ च्या अखेरीस घरांची ती करसूट मुदत संपून बंद झाली, १९८६ मध्ये छपराच्या दुरुस्तीच्या वेळी ती पॅनेले उतरविली गेली आणि परत चढली नाहीत. करसुटीच्या भरवशावर उभा राहिलेला पाणी तापविणाऱ्या साधनांचा धंदा त्याबरोबर कोलमडला. जपानने १९९४ मध्ये घरमालकाला जवळजवळ निम्मा खर्च देण्यापासून सुरुवात केली आणि दरवर्षी तो वाटा कमी करीत आणला. ही रीत इस्ताव्याच्या जवळची होती.

जर्मनीची हकीकत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आज आपल्या गच्चीवर पॅनेल ज्या किमतीस मिळते ती किंमत घडविण्यात तेथील सामान्य कुटुंबांच्या लाइट बिलांचा मोठा वाटा आहे. १९९० मध्ये तेथे हजार छपरांची योजना निघाली. पश्चिमेकडील राज्यांत निम्मा खर्च केंद्राने, पाचवा हिस्सा राज्याने आणि उरलेला घरधन्याने सोसावयाचा, अशी वाटणी होती, आणि प्रत्यक्षात दोन हजारांवर छपरे झाली. १९९१ च्या कायद्याने वीज कंपन्यांना घरची वीज विकत घेणे भाग पाडले, परंतु ठरलेला दर उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली होता. तेव्हा आखेन नावाच्या शहरातील नागरिकांच्या एका मंडळाने साधा प्रश्न केला: कोळशाच्या विजेचा दर ठरविताना कंपनीचा खर्च भरून निघेल असा ठरवितात, मग छपरावरच्या विजेला तोच न्याय का नको? नगरसभेने तो मानला, आणि १९९५ पासून आखेनमध्ये छपरावरील एका युनिटला सुमारे दोन मार्क मिळू लागले. त्याचा भार सगळ्या शहराच्या बिलांवर फार तर एक टक्का पडेल अशी मर्यादा होती.

आखेनचा हा नियम हर्मान शेअर, हान्स-योझेफ फेल यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींच्या खटपटीने साऱ्या देशाचा झाला. १ एप्रिल २००० रोजी अमलात आलेल्या कायद्याने छपरावरील युनिटला ९९ फेनिग दर दिला, तो वीस वर्षांसाठी बांधून दिला, आणि २००२ पासून पुढे प्रत्येक वर्षी नव्याने येणाऱ्यास पाच टक्के कमी मिळेल हेही त्याच कायद्यात लिहून ठेवले. ज्याने आज पॅनेल चढविले त्याचा दर वीस वर्षे हलणार नाही, उद्या येणाऱ्याचा थोडा कमी असेल, परवा येणाऱ्याचा त्याहून कमी. आणि हे सर्वांना आधीच ठाऊक. आपल्या जुन्या दप्तरदारांपैकी कोणी तेथे असता तर त्याला हा कागद वाचण्यास दुभाष्याची गरज पडली नसती. पैसा सरकारी खजिन्यातून येत नव्हता. तो प्रत्येक ग्राहकाच्या बिलात अधिभार म्हणून वाटला जात होता, आणि जुन्या कायद्याखालील अशाच रचनेविषयी युरोपीय न्यायालयाने २००१ मध्ये हे सरकारी साहाय्य नव्हेच असा निर्णय दिला होता.

कायद्याच्या दृष्टीने साहाय्य नव्हे हे ठीक. बिल भरणाऱ्याच्या दृष्टीने काय? २०१२ मध्ये हा अधिभार युनिटमागे ३.५९ सेंट होता, तो २०१४ मध्ये ६.२४ सेंटांवर गेला. म्हणजे वर्षाला ३,५०० युनिटे वापरणाऱ्या घराला केवळ या एका बाबीपोटी सुमारे २१८ युरो मोजावे लागले. मोठ्या कारखान्यांना परदेशी स्पर्धेच्या सबबीवर त्यातून बरीचशी माफी होती. ज्याच्या मालकीचे छप्पर आहे त्याला वीस वर्षांचे उत्पन्न, आणि बर्लिनच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याला त्या उत्पन्नाचे बिल, असा हा व्यवहार झाला, हा टीकाकारांचा आक्षेप खोटा नव्हता, आणि त्याची दखल घेण्यास उशीर झाला हेही खरे. भाडेकरूंना आपल्याच इमारतीवरील वीज मिळावी यासाठीचा कायदा २०१७ मध्ये आला, आणि १ जुलै २०२२ पासून अधिभार उठवून तो भार सरकारी खजिन्यावर नेण्यात आला. परंतु याच भाराच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक आकडा ठेवावा लागतो. जर्मन मागणीवर विसंबून चीनमध्ये कारखाने वाढले, आणि २००८ च्या सुमारास वॅटमागे चार डॉलरच्या आसपास असलेले पॅनेल २०१२ पर्यंत एका डॉलरच्या खाली आले; खुद्द जर्मनीतील क्यू-सेल्स ही मातबर कंपनी त्या घसरणीत एप्रिल २०१२ मध्ये दिवाळ्यात गेली. बर्लिनच्या त्या भाडेकरूने आपल्या नकळत माळशिरसच्या किंवा म्हापशाच्या छपराची किंमत फेडली. हे ऋण आहे, आणि ते ऋण म्हणूनच आपण मान्य केले पाहिजे, असे माझे मत आहे.

वचन मोडले म्हणजे काय होते हे स्पेनने दाखविले. २००७ च्या फर्मानाने तेथे उदार दर जाहीर झाला. ४०० मेगावॉटचे उद्दिष्ट असताना २००८ च्या एका वर्षात अडीच हजार मेगावॉटांहून अधिक उभे राहिले, कारण हजारो कुटुंबांनी कर्ज काढून शेतांतल्या सामाईक सूर्यबागांत हिस्से घेतले होते. तिजोरीला ताण पडताच सरकारने २०१० च्या अखेरीस चालू प्रकल्पांचेही पैसे मिळण्याचे तास मर्यादित केले, २०१३ मध्ये जुनी दरपद्धतीच मोडीत काढली, आणि २०१५ मध्ये स्वतःच्या छपरावर वीज करणाऱ्यावर जो आकार बसविला त्याला लोकांनी सूर्यकर हे नाव दिले. २०१८ च्या ऑक्टोबरात तो रद्द झाला. दर चढा होता ही चूक सुधारण्याजोगी होती. केवळ नव्याने येणाऱ्यांचा दर उतरवून सरकार थांबले असते तर कोणी दाद मागितली नसती. दिलेला कौल मागे घेतला, ही मात्र चूक राहिली नाही, तो विश्वासघात झाला.

आपल्या देशात या विषयाचे सरकारी दप्तर मार्च १९८१ मध्ये उघडले. ऊर्जेच्या अतिरिक्त साधनांसाठी त्या वर्षी एक आयोग नेमला गेला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आणि १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले. पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीला सरकारी अनुदान प्रथम भेटले ते सोलर बंबाच्या रूपाने. गच्चीवर काचेखाली काळ्या रंगाची तांब्याची नळकांडी, वर गोल टाकी, आणि पहाटेच्या अंघोळीला लाकूडफाटा किंवा रॉकेल न जाळता कढत पाणी, याचे नवल शेजारीपाजारी पाहावयास येत. पुढे घरगुती बंबांचे भांडवली अनुदान थांबून कर्जाच्या व्याजात सवलत आली, महापालिकेने मिळकतकरात सूट दिली, आणि बंब आपल्या पायांवर उभा राहिला. आज तो कोणाला नवलाचा वाटत नाही, आणि अनुदानाने जे साधावयास हवे ते हेच.

विजेच्या पॅनेलांची गोष्ट इतकी सरळ गेली नाही. बंबाचे पाणी घरातच संपते. पॅनेलची वीज घरात मावली नाही तर तारेवर जाते आणि सार्वजनिक हिशेबात शिरते. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान आले. २०१५ मध्ये छपरांवर २०२२ पर्यंत ४० गिगावॉट करण्याचे ठरले आणि ते पार पडले नाही. २०१९ मध्ये तीन किलोवॉटपर्यंत ४० टक्के व पुढे दहापर्यंत २० टक्के साहाय्य जाहीर झाले. आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची सूर्यघर योजना मंजूर केली, जीत पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, आणि एकूण कमाल ७८,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात नेट मीटरची नियमावली २०१५ मध्येच झाली होती: महिन्यात तारेवरून घेतलेल्या युनिटांतून तारेवर दिलेली युनिटे वजा, उरली तर पुढच्या महिन्यात जमा. २०१९ मध्ये नियमावली बदलण्याचा मसुदा निघाला, मोठ्या वापराच्या ग्राहकांना ही वजावट मिळू नये असा त्याचा रोख होता. हरकतींचा पाऊस पडला, आणि वर्षाखेरीस आलेल्या नियमांत वजावट राहिली. तेव्हापासून हा प्रश्न मिटला असे कोणी म्हणत नाही.

त्याचे कारण आपल्या दराच्या घडणीत आहे. आपल्याकडे तीनशे युनिटांच्या वर वापरणारे घर, दुकान आणि कारखाना चढा दर देतात, आणि त्या चढ्या दरातून शेतीपंपाचा व शंभर युनिटांच्या आतल्या झोपडीचा दर खाली राहतो. पॅनेल प्रथम चढते ते याच चढा दर देणाऱ्यांच्या गच्चीवर. त्यांचे बिल शून्यावर आले की खांब, तारा आणि रोहित्रे यांचा खर्च राहतो तितकाच, वाटेकरी मात्र कमी होतात. आणि संध्याकाळी सातला, दिवे, पंखे आणि टीव्ही एकाच वेळी लागतात तेव्हा, तोच गच्चीवाला त्याच तारेवर येऊन उभा राहतो. वितरण कंपन्यांचे हे म्हणणे मला रास्त वाटते. परंतु दुपारची वीज शेजारच्याच घरात खपते, तिला दूरच्या केंद्रापासून वाहून आणण्यातली गळती लागत नाही, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे. आणि ज्याने सध्याच्या नियमावर विसंबून कर्ज काढले, त्याच्यासाठी तो नियम त्याच्या पॅनेलच्या आयुष्यापर्यंत ढळू नये. पुढे येणाऱ्यांसाठी वजावट पायरीपायरीने आटवावी, तिचा तक्ता आजच जाहीर करावा, आणि ७८,००० रुपयांतील जो हिस्सा मोठ्या बंगल्याला जातो तो ज्याला छप्परच नाही त्याच्याकडे वळवावा, या मताचा मी आहे. दारिद्र्यरेषेखालील व अल्प वापराच्या ग्राहकांसाठी राज्यशासनाने अलीकडे आपली वेगळी भर घालण्याचे ठरविले, हे योग्य झाले. एका छपरावरची वीज अनेक मीटरांत वाटण्याची सोय दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ मध्येच केली. ती रीत जिथे चाळी आणि भाड्याच्या खोल्या आहेत तिथे सर्वांत आधी हवी होती.

हे लिहिताना माझ्यासमोर आमची गच्ची आहे. पेठेतला जुना वाडा पाडून तेथे इमारत झाली तेव्हा वाड्याची मंगलोरी कौले टाकून देववली नाहीत, म्हणून त्यांची एक चळत पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेली आहे. काहींवर भट्टीची अक्षरे अजून वाचता येतात. त्या चळतीपलीकडे लोखंडी घोड्यांवर सहा पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून बसविली आहेत. दिवसाकाठी बारा-तेरा युनिटे पडतात. टाकीची सावली दुपारी तीननंतर कडेच्या एका पॅनेलवर आली की त्याच्या रांगेतल्या सगळ्यांचाच जोर ओसरतो, हे बसविणाऱ्याने आधी सांगितले नव्हते. जिन्याखालच्या मीटरवर घेतलेल्या आणि दिलेल्या युनिटांचे आकडे आळीपाळीने उमटतात, आणि मुले ते पाहण्यासाठी तेथे थांबतात.

तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एक काकू भाड्याने राहतात. योजनेची माहिती मी त्यांना वाचून दाखविली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “घर आपल्या नावावर लागतं ना?” मी हो म्हणालो. गेल्या चैत्रात त्यांनी कुरडया घातल्या. पूर्वी त्या अर्ध्या गच्चीवर साडी अंथरीत. आता पॅनेले आणि टाकी यांच्या मधल्या पट्ट्यात, जेथे अकरा ते तीन ऊन राहते तेथे, त्यांनी ती दुहेरी घडी करून पसरली होती, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या चारी टोकांवर चळतीतले एकेक कौल ठेवले होते.